डावा कोपरा

"आत!"

आप्पा कोथळ्यांनी पलीकडून तळहात जमिनीकडे करून दाखवला.

आत? कुठला आत? चेंडू रेघेच्या बाहेर चांगला चार बोटं पडला होता. मी एवढ्या लांबून बघितला होता, आणि आप्पा तर त्याच्यापासून दोन पावलांवर उभे होते. बाहेरचा चेंडू कुणी आत देतं का? तेही फायनलमध्ये? पहिल्या सेटमध्ये असं घडण्याची ही तिसरी वेळ होती. एकदा झालं असतं तर म्हटलं असतं, माणसाची नजर चुकते. दोनदा झालं तर म्हणू, माणूस दिलदार आहे. पण तिसऱ्यांदा? अहो, तिसऱ्यांदा म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

"आप्पा, नीट बघा, बाहेर वाटला मला," मी ओरडून म्हणालो.

"आतच की सर. चला, थर्टी-फिफ्टीन," आप्पा म्हणाले आणि पुढच्या पॉइंटसाठी जागेवर जाऊन उभेसुद्धा राहिले.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीच्या आमच्या जिमखान्यात लाल मातीची दोन कोर्टं आहेत. दर फेब्रुवारीत पंचेचाळीस वर्षांवरच्यांची स्पर्धा होते. अंपायर वगैरे थाट नाही. नियम एकच, घराण्याच्या कुळाचारासारखा चालत आलेला: आपल्या बाजूची रेघ आपण बघायची, आणि समोरच्यानं ती मानायची. फार तर जाळीपर्यंत चालत येऊन 'खूण दाखवा' म्हणता येतं. मातीवर चेंडूची खूण उमटते, त्यामुळे भांडण मिटतं. त्या वर्षी सेक्रेटरींनी चुन्याच्या रेघांऐवजी प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्ट्या खिळे मारून बसवल्या होत्या. चेंडू पट्टीवर पडला की टक्क असा कोरडा आवाज यायचा आणि जुनी मंडळी त्यावर रोज कुरकुरायची.

जिंकणाऱ्याचं नाव हॉलमधल्या सागवानी फळ्यावर रंगवतात. त्या फळ्यावर माझं नाव हवं होतं. खोटं कशाला बोलू, मला त्याचं वेड लागलं होतं. सलग तीन वर्षं मी फायनलला पोचलो होतो आणि तिन्ही वेळा हातात आलेली मॅच घालवली होती. तिसऱ्या सेटमध्ये माझा हात दगड व्हायचा. सर्व्हिस जाळीत, दुसरी सर्व्हिसही जाळीत. चौथ्या फायनलच्या सकाळी आमच्या मंडळींनी चहा देताना स्पष्ट सांगितलं होतं, "समोरचा काय करतोय ते बघत बसू नका. तुम्ही मॅच खेळायला जाता की भरारी पथक घेऊन?"

कारण माझी नोकरी तीच होती. शिक्षण खात्यात अधिकारी आणि दहावी-बारावीच्या परीक्षांना भरारी पथकाचा प्रमुख. मगदूम सर आले म्हटलं की केंद्राच्या खिडक्यांखाली चिठ्ठ्यांचा पाऊस पडायचा. मोजे, बेल्ट, कंपासपेटीचं झाकण, पाण्याच्या बाटलीवरचं लेबल, कुठं काय दडवतात ते मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. वीस वर्षं तेच केलं की माणूस देवळातसुद्धा पुजाऱ्याच्या हाताकडे बघतो.

आणि आप्पा कोथळे होते हळदीचे व्यापारी. त्यांच्या वडिलांच्या काळी रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरायचे. बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळायचं नाही. अशा घरातला माणूस मला फुकटात पॉइंट देतोय? छे!

पहिला सेट मी सहा-चार असा जिंकला. दुसऱ्या सेटच्या आधी पाणी प्यायला बसलो. माझ्या शेजारी शशी लाटकर येऊन बसला. दुहेरीत तो माझा जोडीदार.

"झकास चाललंय, मगदूम. फक्त डोकं थंड ठेव."

"शशी, ते मला बाहेरचे चेंडू आत देतायत."

"मग घे की! नाकाला काय मिरच्या झोंबल्या तुझ्या?"

"पण का देतायत?"

शशीनं आप्पांकडे बघितलं. "आता ते मी काय सांगू? लई पोचलेला माणूस आहे तो. आत्ता गोड गोड वागेल आणि ऐन मोक्याला एक चेंडू बाहेर देईल. मग तुला तोंड उघडायला जागा राहील का? एवढे दिलेले असताना?"

शशी हे हसत हसत बोलला आणि चहा आणायला निघून गेला. पण त्यानं माझ्या डोक्यात काडी टाकली होती ती टाकलीच. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं! पेपर सुरू व्हायच्या आधी पथकाला 'सर, चहा घ्या' म्हणणारं केंद्र मी कधी झडतीशिवाय सोडलं नव्हतं.

तेवढ्यात मला ते दिसलं. आप्पांनी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून एक घडी घातलेला कागद काढला. मांडीवर रुमाल पसरला, कागद त्याच्या आडोशाला धरला, मान खाली घालून अगदी नाकाशी नेऊन वाचला आणि परत कप्प्यात सरकवला.

चिठ्ठी! आप्पा कोथळे चिठ्ठी वाचत होते!

"काय वाचताय आप्पा?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

आप्पा दचकले. मग हसले. "काही नाही सर. म्हातारपणी पाठांतर होत नाही, म्हणून आणलीय कॉपी करायला. पकडताय काय?"

मी पण हसलो. पण हसताना माझं लक्ष त्या कप्प्याच्या चेनकडे होतं. ती त्यांनी पूर्ण ओढून घेतली होती.

दुसरा सेट सुरू झाला आणि मी खेळायचं सोडून तपास करायला लागलो. पहिली गोष्ट अशी सापडली की आत दिलेले तिन्ही चेंडू एकाच कोपऱ्यातले होते, आप्पांच्या डाव्या. माझा सरळ जाणारा फोरहँड तिथं पडतो, आणि तो माझा हुकमी फटका. दुसरी गोष्ट म्हणजे माझी सर्व्हिस घ्यायच्या आधी आप्पा मान थोडी डावीकडे वळवून उभे राहात होते. हे त्यांचं नेहमीचं उभं राहणं नव्हतं. दहा वर्षं मी त्यांना खेळताना बघत होतो.

मी दोन्ही धागे जुळवले आणि माझ्या मते उजेड पडला. त्यांना मी त्या कोपऱ्यातच मारायला हवं होतं! म्हणून तिथले पॉइंट देऊन मला चटक लावत होते. मान आधीच तिकडे वळलेली, म्हणजे चेंडू यायच्या आत ते तयार. तिसऱ्या सेटमध्ये मी त्या फटक्यावर विसंबून राहिलो की हे जाळं ओढणार. आणि चिठ्ठीत हाच सगळा डाव लिहिलेला असणार.

मी ठरवलं, त्या कोपऱ्याकडे फिरकायचंसुद्धा नाही.

काय सांगू तुम्हाला! जिथं पॉइंट हमखास मिळत होते तिथं मारायचं मी सोडलं आणि सगळे चेंडू त्यांच्या उजव्या हाताला, त्यांच्या फोरहँडवर द्यायला लागलो. आप्पांना काय, आयतं ताट वाढून मिळालं. सेट त्यांनी सहा-तीन असा घेतला. शशी बाहेरून कपाळावर हात मारत होता. "अरे, तिकडं मार की! त्या कोपऱ्याला काय भूत बसलंय?"

मी त्याच्याकडे बघितलंही नाही. मॅच मी जिंकत नव्हतो, पण फसत तरी नव्हतो, याचं मला समाधान होतं. मूर्खपणाला शिंगं असती तर त्या दिवशी मला कोर्टाच्या दारातून आत येता आलं नसतं.

तिसरा सेट. ऊन वर आलं होतं. दर दोन गेमनंतर बाजू बदलताना आप्पा रुमाल पसरत, चिठ्ठी वाचत. वाचून झालं की त्यांचा चेहरा कसा निवांत व्हायचा. एखादं दडपण उतरल्यासारखा. त्याचीच मला चीड येत होती. माझा हात दगड व्हायला लागला होता आणि हा माणूस पंचावन्नाव्या वर्षी, फायनलच्या तिसऱ्या सेटमध्ये, सकाळी फिरायला आल्यासारखा खेळत होता. एक सोपा स्मॅश त्यांनी जाळीत घातला. मी असतो तर रॅकेट आपटली असती. आप्पा जाळीला पाठ करून शांतपणे मागे चालत गेले.

चार-पाच. सर्व्हिस माझी. थर्टी-फोर्टी. म्हणजे आप्पांना मॅच पॉइंट.

पहिली सर्व्हिस जाळीत गेली. दुसरी मी कशीबशी ढकलली. चार-पाच फटके झाले. आप्पांनी एक लांब, खोल चेंडू माझ्या मागच्या रेघेकडे टाकला. मी मागे सरकलो, पण तो माझ्यावरून गेला आणि पडला.

टक्क.

मी वळून बघितलं. खूण माझ्या पायाशी होती. चेंडू पट्टीला घासून गेला होता. अर्धी खूण पट्टीवरच्या धुळीत, अर्धी बाहेरच्या मातीत. रेघेला केसाएवढा जरी लागला तरी चेंडू आत. हा तर चांगला अर्धा लागला होता.

मी हरलो होतो. चौथ्यांदा.

आणि त्या एका क्षणात माझ्या डोक्यात आलं, हाच तो मोका. मी हा 'आत' दिला तर आप्पांचा डाव साधला. त्यांनी मला मिंधं केलं होतं ते याच चेंडूसाठी. मी का फसू? चिठ्ठी वाचून खेळणाऱ्या माणसाशी मी का खरं वागू? त्या वेळी मला हे इतकं पटलं होतं की बोट वर करताना मी जरासुद्धा घुटमळलो नाही.

"बाहेर!" मी म्हणालो.

म्हणता म्हणता माझा बूट त्या खुणेवरून फिरला. एकदाच.

बाहेर बसलेली दहा-बारा माणसं पलीकडच्या टोकाला, सावलीत होती. त्यांना इथलं काही दिसत नव्हतं. मी आप्पांकडे बघत राहिलो. आता येतील जाळीशी. 'खूण दाखवा सर' म्हणतील. उत्तर माझ्या ओठावर तयार होतं.

आप्पा आपल्या जागी क्षणभर उभे राहिले. मान तशीच डावीकडे. मग म्हणाले, "बाहेर काय? बरं बरं. ड्यूस."

ड्यूसनंतर मी तो गेम घेतला. पुढचे दोनही घेतले. कसे घेतले ते मला आजही सांगता येणार नाही. हात मोकळा सुटला होता. सात-पाच. शशी धावत आला, मला मिठी मारली, पाठ थोपटली. "लेका, आज खरा मनानं खेळलास! मॅच पॉइंट वाचवून जिंकलास!"

आप्पांनी जाळीवरून हात मिळवला. "अभिनंदन सर. लई दिवस वाट बघितलीत." आणि ते तोंड धुवायला नळाकडे गेले.

त्यांची बॅग बाकावर होती. चेन अर्धी उघडी. कागदाचं टोक बाहेर आलेलं.

वीस वर्षांची सवय. हात आपोआप गेला. शशी लोकांना हाका मारत होता, कुणाचं लक्ष नव्हतं. म्हटलं, बघूच काय डाव होता तो. पुरावा हातात आला की मनातली सल तरी जाईल.

कागद मिरजेच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांचा होता. वर आप्पांचं नाव. काचबिंदू. डाव्या डोळ्यापुढं काहीतरी इंग्रजीत लिहून दोनदा अधोरेखित केलेलं. खाली उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख, दुसऱ्या दिवशीची, सोमवारची. मी कागद उलटला. मागच्या बाजूला पेनानं, मोठ्या अक्षरांत, चार ओळी होत्या.

'डाव्या कोपऱ्यातलं दिसत नाही. दिसला नाही तो आत.

गेलेला पॉइंट गेला. मागं बघायचं नाही.

पाय हलव. तोंड नको.

मगदूम सर कॉपी पकडणारा माणूस आहे. ते सांगतील ते खरं. बघायला जायचं नाही.'

मी चौथी ओळ पुन्हा वाचली. मग पुन्हा. पृथ्वी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी अनुभवलं.

"धरलीत ना शेवटी कॉपी?"

आप्पा मागे उभे होते. तोंड ओलं, खांद्यावर रुमाल. रागावलेले नव्हते. मला वाटतं, रागावले असते तर बरं झालं असतं.

"आप्पा, हे... मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? डावा गेल्यात जमा आहे म्हणून? मग तुम्ही लाजेकाजेनं त्या कोपऱ्यात मारलंच नसतं. नाहीतर तिथंच मारत बसला असता. दोन्हीकडून मजा गेली असती." ते बाकावर बसले आणि बुटाची नाडी चाचपून सोडायला लागले. "उजवा वाचतोय का ते उद्या बघायचं. डॉक्टर म्हणाले, खेळ आता बंद. म्हटलं, एवढी फायनल खेळतो. पण डोक्यात सारखी शंका. हा आत होता का, तो बाहेर होता का. शंका घेऊन खेळता येत नाही हो, सर. म्हणून लिहून टाकलं. एकदा ठरवलं, दिसला नाही तो आत, की डोकं मोकळं."

"आप्पा, तो मॅच पॉइंटचा चेंडू..."

"हं."

"तो आत होता."

आप्पांनी नाडी सोडवली. बूट काढला, उलटा करून आतली माती झटकली.

"माहीत आहे की," ते म्हणाले. "दिसलं नाही. पण ऐकू येतंय अजून. पट्टीवर पडलेला, कान तिकडं असला की, पार पलीकडं ऐकू जातो."

"मग बोलला का नाहीत?"

"चिठ्ठीत लिहिलेलं ना, बघायला जायचं नाही म्हणून." त्यांनी दुसरा बूट ओढला. "तुम्ही 'बाहेर' म्हणालात तेव्हा मला वाटलं, माझेच कान चुकले. तुम्ही खोटं बोलाल असं वाटलंच नाही. आवाज कसा आला हे मागून डोक्यात यायला लागलं. नळावर तोंड धुताना."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. छप्पन्न वर्षांचा घोडा मी, पण डोळे भरून आले. "मी आत्ता सेक्रेटरींना सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो. नाव तुमचं लागू दे."

आप्पांनी झटकन माझं मनगट धरलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज कडक झाला.

"अजिबात नाही. काय सांगाल? आंधळ्याला फसवला म्हणून? मग मी जन्मभर 'बिचारा आप्पा' होऊन बसू काय? मी इथं हरून जातोय ते बरं आहे. दया घेऊन जाणार नाही." मग हात सोडला आणि हळू म्हणाले, "राहू दे तुमचं नाव फळ्यावर. मला काय, तो फळा पुढं दिसेल न दिसेल. तुम्हाला दिसेल."

त्यांनी ते टोचायला म्हटलं की सहज म्हटलं, हे मी बारा वर्षं विचारतोय स्वतःला. संशयी माणूस ना मी. पण यावेळी शोध लागत नाही.

संध्याकाळी मी कप घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत आधी आप्पांनी. फळ्यावर माझं नाव आहे, सोनेरी अक्षरांत, आजही. हॉलचं दार टाळून मी मागच्या फाटकातून कोर्टावर जातो. त्यानंतर मी त्या स्पर्धेत कधी नाव दिलं नाही. शशीला वाटतं, मनासारखं मिळालं म्हणून मी तृप्त झालो. मार्चात परीक्षा आल्या तेव्हा पथकाचं काम दुसऱ्याला द्या म्हणून साहेबांना अर्ज केला. पोरांच्या खिशात हात घालायचं धाडस राहिलं नव्हतं.

आप्पांचा उजवा डोळा थोडा वाचला. आता त्यांना माणूस सावलीसारखा दिसतो, पण रोज संध्याकाळी ते काठी टेकत येतात आणि कोर्टाच्या कडेला बाकावर बसतात. मी असलो की म्हणतात, "चला सर, ऐकू दे तुमचा खेळ." चिठ्ठी त्यांनी त्याच दिवशी माझ्या हातात ठेवली होती. तुम्ही पकडलीत, आता जप्त करा म्हणाले. ती माझ्या बॅगेत असते. कागद घडीवर फाटला, म्हणून मागून चिकटपट्टी लावली आहे. बाजू बदलताना मी ती वाचतो. चौथी ओळसुद्धा वाचतो. ती तर सगळ्यांत आधी वाचतो.

परवाचीच गोष्ट. माझेही डोळे आता अडुसष्टचे झालेत. शशीशी साधाच खेळ चालला होता. त्यानं मारलेला एक चेंडू माझ्या मागे डाव्या कोपऱ्यात गेला. ऊन तोंडावर होतं. मी वळेपर्यंत तो उडून गेला होता.

"आत," मी म्हणालो.

"आवाज आला नाही सर!" आप्पा बाकावरून ओरडले. "बाहेर असेल, नीट बघा!"

मातीत खूण असणार होती. दोन पावलं मागे गेलो असतो तर सापडली असती. मी गेलो नाही.

"दिसला नाही, आप्पा," मी म्हणालो आणि पुढच्या पॉइंटसाठी जागेवर जाऊन उभा राहिलो.